जिना मोकळा हवा

शहराच्या अग्निशमन दलात तपासणी विभाग नावाची एक खोली होती आणि त्या खोलीचा सगळा कारभार एका बाईंच्या डोक्यावर होता. केबिनमध्ये बसायचे साहेब, सह्या करायचे साहेब. पण उद्या कोणता इन्स्पेक्टर कोणत्या इमारतीत जाणार, हे ठरवायच्या बाई. भिंतीवर मोठा लाकडी फळा, त्याला खाचा, आणि खाचांत पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्या. शाळा, दवाखाने, सिनेमाची थिएटरं आधी. मग गोदामं, बेकऱ्या, कारखाने. उरलेल्या खाचांत राहत्या इमारती. ज्याची चिठ्ठी लागली त्याला बाई आदल्या दिवशी स्वतः फोन करायच्या, कारण आग विझवणाऱ्यांचा फोन म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा येतो आणि बाईंच्या आवाजानं तो जरा खाली उतरतो, असं साहेबांचं मत होतं.

या खोलीत बाईंचा नवराही होता. तो इन्स्पेक्टर. अर्धी नोकरी बंबावर झाली, मग तपासणीला आला. बाई पहिल्यांदा या विभागात बदलून आल्या तेव्हा सवयीनं त्यांनी हाक मारली, "अहो!" आणि खोलीतले सगळे इन्स्पेक्टर एका सुरात म्हणाले, "ओ!" बाई अशा लाजल्या की दोन दिवस मान वर केली नाही. पण नाव चिकटलं ते चिकटलंच. त्या दिवसापासून शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे बाईंच्या नवऱ्याला 'अहो'च म्हणू लागले. अहो आले, अहो गेले, अहोंचा चहा झाकून ठेवा.

अहोंचा एक हट्ट होता. तपासणीला गेलं की जिना पायीच चढायचा आणि पायीच उतरायचा. लिफ्टच्या बटणाला बोट लावायचं नाही. "आग लागली की लिफ्ट बंद," असं ते नव्या पोरांना सांगायचे. "मग ज्या वाटेनं माणसं पळणार, ती वाट आपण बघायची का आरशात भांग पाडत वर जायचं?" हळूहळू तो सगळ्या विभागाचाच नियम झाला. साहेबांनी तो लेखी काढला, वर एक ओळ जोडली: ज्याला जिना चढवत नाही त्यानं तपासणीला जाऊ नये.

आता अशा माणसाचे गुडघे जावेत, याला काय म्हणावं?

अहोंनी घरात अवाक्षर काढलं नाही. बूट घालायला वेळ लागला की म्हणायचे, बूट आवळ झालेत. नवे बूट आणले, तरी तेवढाच वेळ. रात्री मलम लावायचे आणि वास जावा म्हणून साबणानं हात धुऊन यायचे. अहो, पण नवऱ्याच्या अंगाला कसला वास येतोय हे ज्या बाईला कळत नाही, तिनं संसार केला तरी कशाला? बाईंना पहिल्याच आठवड्यात कळलं. त्यांनी विचारलं मात्र नाही. विचारलं असतं तर अहोंना खरं सांगावं लागलं असतं, आणि एकदा खरं तोंडातून बाहेर पडलं की त्याचं काहीतरी करावं लागतं. करायचं म्हणजे काय, हे दोघांनाही पाठ होतं. जिना चढता न येणारा इन्स्पेक्टर स्टोअरमध्ये जातो. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून फाटके पाइप आणि गंजलेले नळ मोजतो. जो माणूस शंभर घरांत शिरून लोकांना दटावून, हसवून, त्यांच्या स्वयंपाकघरातला गॅसचा नळ बंद करून यायचा, तो त्या शेडमध्ये कोमेजून गेला असता.

म्हणून बाईंनी आपल्या हातात होतं तेवढं केलं. फळ्यावर अहोंच्या नावापुढे तळमजले लागायला लागले. बेकरी. लाकडाची वखार. बैठी शाळा. मोटारींचं गॅरेज. पुन्हा बेकरी. प्रत्येक इन्स्पेक्टरला शहराचा आपापला भाग वाटून दिलेला होता, तेव्हा अहोंच्या भागातल्या उंच इमारती दुसऱ्याला देता येत नव्हत्या. दिल्या तर साहेब विचारणार, का? म्हणून बाई त्या पुढच्या आठवड्यात ढकलायच्या. ढकललेल्या चिठ्ठीच्या कोपऱ्यात 'ढ' लिहायची विभागाची रीत होती. बहुतेक उंच इमारती नव्या होत्या, त्यांना थोडा उशीर झाल्यानं आभाळ कोसळत नव्हतं. पण एक आठ मजली जुनी इमारत होती, तिच्या चिठ्ठीवर 'ढ' वर 'ढ' चढत चालले. एक इन्स्पेक्टर फळ्यापुढे उभा राहून म्हणालासुद्धा, "बाई, ही इमारत फारच ढ दिसते हो, वरच्या वर्गात जातच नाही." सगळे हसले. बाईही हसल्या, पण चोराच्या मनात चांदणं. त्या दिवशी त्यांना डबा गोड लागला नाही.

आणि मग एका सकाळी खिडकीशी एक बाई येऊन उभी राहिली. तरुणच, पण तोंड ओढलेलं. ती त्या आठ मजली इमारतीतली, सातव्या मजल्यावरची सून.

"तपासणीचं विचारायला आले," ती म्हणाली. "तळमजल्यावर गाद्यांचं दुकान आहे आमच्याकडे. त्यानं सगळा माल जिन्यात रचलाय. एकटं माणूस तिरकं होऊन जातं कसंबसं. आमच्या सासूबाईंचे पाय अधू आहेत. त्यांना न्यायचं तर खुर्चीत बसवून उचलून न्यावं लागतं, आणि ती खुर्ची लिफ्टमध्ये मावत नाही, मग जिन्यातून जाणार कशी?"

"तक्रार दिली होती ना?" बाईंनी विचारलं, आणि विचारता विचारता त्यांना घाम फुटला.

"तीनदा दिली. दरवेळी फोन केला की कुणीतरी सांगतं, पुढच्या आठवड्यात नक्की." तिनं बाईंकडे नीट पाहिलं. "तुमचाच आवाज होता का हो तो?"

बाईंनी मान हलवली.

"वाटलंच मला. फार गोड बोलता तुम्ही. सासूबाई म्हणाल्या, इतकं आपुलकीनं सांगतेय, येतील बिचारे, कामं असतील त्यांना. म्हणून आम्ही पुन्हा भांडायला आलो नाही."

बाईंना वाटलं, हिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आज का आलात मग?"

"परवा खाली मीटर जळलं. फार नाही, आपोआप विझलंसुद्धा. पण धूर वर आला. लिफ्ट बंद पडली, लोक धावत सुटले. मुलाला मी शेजारणीबरोबर पाठवलं. हे कामावर होते. सासूबाई म्हणत होत्या, तू जा गं, तू जा. आता त्यांना टाकून मी कुठे जाऊ? दाराला ओला टॉवेल लावला आणि दोघी एकमेकींचा हात धरून बसलो." तिनं पदरानं तोंड पुसलं. "त्या मला चिडून म्हणाल्या, एवढी वर्षं माझं एक ऐकलं नाहीस, आज तरी ऐक. मी म्हटलं, आजही नाही ऐकत."

ती गेल्यावर बाई बराच वेळ फळ्यापुढे उभ्या राहिल्या. आपण एका माणसाचे गुडघे जपत बसलो आणि तिकडे दोन बायका ओल्या टॉवेलाच्या भरवशावर बसल्या, हे त्यांच्या मनातून हलेना. नवऱ्याला तळहाताच्या फोडासारखं जपलं, यात चूक ती काय, असं एक मन म्हणत होतं. दुसऱ्या मनाला त्या पहिल्या मनाची लाज वाटत होती. शेवटी त्यांनी ती चिठ्ठी उचलली आणि उद्याच्या पहिल्या खाचेत, अहोंच्या नावापुढे लावली.

संध्याकाळी घरी बाई भाजी चिरत होत्या आणि अहो स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून लसूण सोलत होते. स्टूल त्यांनी हल्लीच आत आणलं होतं, उभ्यानं कंटाळा येतो म्हणून.

"उद्याचा फळा पाहिला," अहो म्हणाले.

"त्या इमारतीला मी ढकलत होते. मुद्दाम."

"माहीत आहे."

बाईंची सुरी थांबली. "माहीत आहे म्हणजे?"

"मी काय झोपा काढायला जातो तिथे? सोमवारी बेकरी, मंगळवारी वखार, बुधवारी परत बेकरी. त्या बेकरीवाल्यानं परवा मला विचारलं, साहेब, माझ्यावर काही संशय आहे का?"

बाईंना हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणी. "मग बोलला का नाहीत?"

"बरं वाटत होतं."

"गुडघ्यांना?"

"गुडघ्यांनाही," अहो म्हणाले, आणि लसणाची एक पाकळी उगाचच पुन्हा सोलायला लागले.

इतके दिवस घरात हे असं चाललं होतं. अळीमिळी गुपचिळी! बाईंनी मग त्या सुनेचं सगळं सांगितलं. धूर, टॉवेल, तू जा आणि मी नाही जात. अहोंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला.

"तुझी एकटीची चूक नाही," ते म्हणाले. "मला कळत होतं ना? तो 'ढ' मी रोज बघत होतो."

"साहेबांना सांगून उद्या दुसऱ्याला पाठवू या."

"सांगू. पण ही इमारत मी बघणार. माझ्यामुळे थांबली होती ती."

"आठ मजले आहेत, अहो."

"मजले किती ते मला नको सांगू, मी काय 'ढ' आहे?"

"मग मीपण येणार," बाई म्हणाल्या. "नोंदी घ्यायला कुणीतरी लागतंच." त्यांचा आवाज असा होता की अहोंनी वाद घातला नाही.

दुसऱ्या दिवशी सुनेचा नवरा खालीच वाट बघत थांबला होता. "साहेब, लिफ्ट आजच दुरुस्त झालीय," तो कौतुकानं म्हणाला. अहोंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ते जिन्याकडे वळले.

पहिल्या वळणावरच गाद्या. गुंडाळलेल्या, दोरीनं बांधलेल्या, माणसाच्या डोक्याच्या वर गेलेल्या. अहो अंग चोरून गेले, त्यांच्या मागून बाई. दुसऱ्या मजल्यावर अहो थांबले आणि विजेच्या मीटरची पेटी निरखून पाहू लागले. तिसऱ्यावर खिडकीची कडी. चौथ्यावर भिंतीतला पोपडा. बाई मुकाट्यानं लिहून घेत होत्या: मीटर जुनं, कडी गंजलेली. पोपड्याचं काय लिहावं हे त्यांना कळेना. मग त्यांच्या लक्षात आलं की हा बाबा बघत काहीच नाहीये, नुसता दम खातोय. पाचव्यावर पोपडाही नव्हता. अहो सरळ पायरीवर बसले. बाई त्यांच्या शेजारी बसल्या. खालून कुणाच्या तरी घरातून कुकरची शिट्टी ऐकू आली.

"चल," अहो म्हणाले आणि कठडा धरून उठले.

गच्चीच्या दाराला कुलूप निघालं. किल्ली गादीवाल्याकडे, कारण वर त्याचा कापूस वाळत होता. म्हणजे त्या दिवशी धुरात कुणी वर पळालं असतं तर तिथेच अडकलं असतं. ते लिहून दोघं सातव्या मजल्यावर उतरली. सून दारातच उभी होती. आत पलंगावर आजी, पांढरे केस नीट विंचरलेले, नजर सुरीसारखी. तिनं अहोंना आत येताना पाहिलं.

"तुमचेही गेलेत वाटतं," ती म्हणाली.

"काय?"

"काय म्हणून मला काय विचारता? पाय. बसा त्या खुर्चीत."

अहो बसले. हात असलेली, जड लाकडी खुर्ची होती ती, आजीला न्यायला ठेवलेली. सुनेनं पाणी दिलं. अहो पाणी प्यायले, पेला परत दिला, आणि उठायला गेले. उठता आलं नाही. हातांवर जोर देऊन पुन्हा गेले. कपाळावर घाम आला, पण गुडघे काही उचलेनात. बाई दोन पावलं पुढे झाल्या आणि थबकल्या. हा क्षण कधी ना कधी येणार हे बाईंना माहीत होतं, फक्त तो लोकांच्या घरात, लोकांच्या देखत येईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

अहोंनी एकदा बाईंकडे पाहिलं. मग ते सुनेच्या नवऱ्याला म्हणाले, "तपासणी अर्धीच झालीय. खुर्चीतलं माणूस खाली जातं का, ते बघायचं राहिलंय. शेजारच्यांना बोलवा."

"आईला बसवू का?"

"आधी मला न्या. आईवर प्रयोग करायचे नसतात."

दोघा-तिघांनी खुर्ची उचलली. "जपून हो, माणूस वजनदार आहे," आजी पलंगावरून म्हणाली. अहो हात घट्ट धरून बसले होते आणि सूचना देत होते: डावीकडे, पाठ भिंतीला, पुढच्यानं खाली बघायचं नाही. मजल्यामजल्यावर दारं उघडून लोक बघू लागले. बाई खुर्चीच्या मागे, हातात कागद, नजर फक्त त्या टक्कल पडलेल्या डोक्यावर. सगळं ठीक चाललं होतं, आणि शेवटच्या वळणावर खुर्ची गाद्यांत अशी रुतली की ना पुढे, ना मागे.

गादीवाला धावत आला. "साहेब, तुम्ही जरा उठून दोन पावलं चालत आलात तर खुर्ची काढू या की तिरकी करून."

"उठता येत नाही," अहो म्हणाले.

"अहो, दोनच पावलं—"

"मला उठता येत नाही हो!" अहोंचा आवाज जिनाभर गेला. "गुडघे गेलेत माझे. बायकोपासून लपवले, ऑफिसपासून लपवले, आता तुम्हाला सांगतो. आणि वरच्या आजींनाही उठता येत नाही. आता धूर येतोय असं समजा. सांगा, आम्ही दोघांनी कुठून जायचं?"

दुकानात जागा नाही, माल कालच आला, नेहमी तर मी... असं काहीबाही गादीवाला बोलू लागला, पण खुर्ची धरलेली माणसं भारानं वाकली होती आणि तीत बसलेला माणूस त्याच्याकडे शांतपणे बघत होता. गादीवाल्यानं पहिली गादी स्वतः खांद्यावर घेतली. मग वरून पोरं आली, बायका आल्या, हातोहात गाद्या रस्त्यावर जाऊ लागल्या. अहोंची खुर्ची फुटपाथवर टेकली तेव्हा गादीवाला घामाघूम होऊन गच्चीची किल्ली घेऊन आला आणि बाईंच्या हातात देऊन म्हणाला, "ताई, आता हिची नक्कल सगळ्यांकडे देतो. साहेबांना सांगा, रागावू नका म्हणावं." जिन्यात पुन्हा माल दिसला तर दुकानाला टाळं लागेल, हे बाईंनी त्याला त्याच गोड आवाजात सांगितलं.

इतक्यात वरून आजीचा आवाज आला. एवढ्या म्हाताऱ्या बाईचा एवढा आवाज कुठून येतो देव जाणे.

"त्याला नेलंत ना? मग मला काय इथे पुरणार आहात? आणा खाली!"

दुसरी खुर्ची मिळाली आणि आजी खाली आली. कुठे न अडकता, सात मजले. सून पायरी-पायरीला पुढे चालत होती, उलटी, सासूच्या तोंडाकडे बघत. आजीला अहोंच्या शेजारी उन्हात ठेवलं. आजीनं रस्ता पाहिला, समोरचं दुकान पाहिलं, गाड्या पाहिल्या. "त्या कोपऱ्यावर झाड होतं," ती म्हणाली. "तोडलंय मेल्यांनी." आणि मग ती रडायला लागली, आणि सून तिला म्हणाली, "रडा, रडा, इथे कोण आपल्याला ओळखतंय," तशी रडता रडता हसायला लागली.

अहोंनी खिशातून फोन काढला आणि साहेबांना लावला. "साहेब, जिने आता दुसऱ्या कुणाला द्या. मला होत नाहीत. आजचं नाही, बऱ्याच दिवसांचं आहे. हो, माहीत आहे, स्टोअर. हो. नाही, वेळापत्रकाची चूक नाही त्यात."

"आहे," बाई फोनपाशी वाकून मोठ्यानं म्हणाल्या. "माझीही आहे साहेब, मी उद्या सांगते सगळं."

फोन ठेवल्यावर अहो हात मांडीवर ठेवून समोर बघत राहिले. तोंडावर हसू होतं, पण हनुवटी हलत होती. बाई फुटपाथवर त्यांच्यापुढे उकिडव्या बसल्या. जाणारे-येणारे बघत होते, बघू देत. त्यांनी दोन्ही तळवे नवऱ्याच्या दोन्ही गुडघ्यांवर ठेवले. पँटवरूनही गुडघे गरम लागत होते, सुजलेले होते. इतके दिवस रोज शेजारी झोपून त्यांनी एकदाही हात लावला नव्हता.

"फार दुखतं का हो?" त्यांनी विचारलं.

"फार," अहो म्हणाले. "फार दुखतं गं."